हस्तिदंताचा तुकडा

इ. स. १६७६ च्या जानेवारीत, १२ तारखेला, गोव्याच्या तत्कालीन राजधानीत, म्हणजे आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तिथे, इन्क्विझिशनच्या कैद्यांची मिरवणूक निघाली आणि एकेकाचा गुन्हा व शिक्षा चारचौघांत वाचून दाखवण्यात आली. त्या कैद्यांत शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य होता. त्याच्यावर बाप्तिस्म्याविषयी भलतेसलते बोलल्याचा आरोप होता, प्रतिमांची पूजा करू नये असे म्हटल्याचा होता, खुद्द इन्क्विझिशनची निंदा केल्याचाही होता. ह्या सगळ्यांत एक छोटे कलम आहे आणि ते वाचताना थबकायला होते. क्रुसावरील ख्रिस्ताच्या एका हस्तिदंती मूर्तीविषयी देलाँ म्हणाला होता की, हा हस्तिदंताचा तुकडा आहे.

ह्या प्रकरणाचे मूळ दमणचे. देलाँ तिथे वैद्यकी करत होता. एका पोर्तुगीज गृहस्थाच्या मुलाचे रक्त काढायचे होते आणि त्या मुलाने हस्तिदंताची मरियेची मूर्ती अंथरुणात जवळ घेतली होती. तो तिचे मुके घेई, तिच्याशी बोले. रक्त तिच्यावर उडेल, ती बाजूला ठेव, असे देलाँने सुचवले, मुलगा ऐकेना, उलट तुम्ही फ्रेंच लोक पाखंडी, तुम्ही प्रतिमांना मानत नाही, असे त्याने सुनावले. त्यावर देलाँने जे धर्मशास्त्र ऐकवले ते त्याला चांगलेच महागात पडले. १६७३ मध्ये दमणला त्याला अटक झाली, तिथून वसई आणि वसईहून समुद्रमार्गे १६७४ च्या जानेवारीत गोवे. दोन वर्षांच्या कोठडीनंतर गलबतावरील पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. पोर्तुगालमध्ये नेल्यावर १६७७ मध्ये तो सुटला आणि १६८७ मध्ये त्याने आपली हकिकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गोव्याच्या इन्क्विझिशनविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यातले बरेचसे ह्या पुस्तकाच्या आधाराने असते.

देलाँचे नाव आपल्याला माहीत आहे. त्याच्या कोठडीचे वर्णन, त्याचे अपेशी ठरलेले आत्महत्येचे प्रयत्न, त्याची शिक्षा, सगळे माहीत आहे. पण ज्या वस्तूवरून हे घडले ती कोणी घडवली असेल? ती मरियेची मूर्ती आणि तो ख्रिस्त लिस्बनहून आले असण्याचा संभव कमी. पोर्तुगीज वसाहतींतील अशा हस्तिदंती मूर्ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतांश आशियातच, आणि आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर मुख्यतः गोव्यात, तयार होत. करणाऱ्यांत ख्रिस्ती झालेले कारागीर होते तसेच हिंदूही होते. म्हणजे ज्या मूर्तीला हस्तिदंताचा तुकडा म्हटल्याबद्दल एका कॅथलिक फ्रेंच माणसाला शिक्षा झाली, ती मूर्ती कदाचित अशा माणसाने घडवली असेल की ज्याच्या दृष्टीने ती घडवून संपेपर्यंत हस्तिदंताचा तुकडाच होती. ह्या माणसाचे चरित्र लिहिता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आधी ज्याचे चरित्र लिहिता येते असा एक दंतशिल्पी पाहू, म्हणजे फरक कळेल. देलाँला बेड्या घालून गोव्यात उतरवले त्याच १६७४ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप ह्या बंदरात दाव्हिद ल मार्शां जन्मला. (त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. इतिहासात असे योगायोग पुष्कळ असतात आणि त्यांचा अर्थ काही नसतो. पण काळ डोळ्यांपुढे उभा करायला ते उपयोगी पडतात.) दिएपची गलबते आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर जात आणि सुळे घेऊन येत, त्यामुळे तिथे हस्तिदंत कोरणाऱ्यांची पिढीजात वस्ती होती. ल मार्शां चित्रकाराचा मुलगा. घराणे ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली आणि हजारो कुटुंबे देश सोडून पांगली. १६९६ मध्ये ल मार्शां एडिंबरोत दिसतो. तिथे दुकान उघडण्याची परवानगी त्याला मिळाल्याची नोंद आहे. पुढे तो लंडनला गेला आणि तिथे त्याने त्या काळची मोठमोठी माणसे हस्तिदंतात उतरवली. न्यूटन, सेंट पॉलचे कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन, रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स. न्यूटनचा १७१८ सालचा अर्धपुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कामावर तो आपल्या नावाची आद्याक्षरे कोरत असे. जोसेफ हायमोर ह्या चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र रंगवले. इतके होऊनही पैसा टिकला नाही. १७२६ मध्ये लंडनमधील गरीब ह्युगेनोंसाठी असलेल्या फ्रेंच इस्पितळात त्याचा अंत झाला. १९९६ मध्ये चार्ल्स एव्हरी ह्या अभ्यासकाने त्याच्यावर सूचीसह स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ल मार्शांचे आयुष्य सुखाचे नव्हते, पण ते कागदावर उतरलेले आहे. गावच्या नोंदी, परवाना, इस्पितळाचे दप्तर, गिऱ्हाइकांची नावे, कामावरची सही. चरित्रकाराला ह्याहून जास्त काय हवे? आता गोव्याकडे वळू या.

जुन्या गोव्यातील बाँ जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरची समाधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सहलीतले लोक वर शवपेटीकडे बघतात आणि पुढे सरकतात. तिथे क्षणभर उभे राहून खालचा चौथरा आणि वरची पेटी ह्यांत तुलना करावी. खालचे संगमरवरी काम फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी ह्याचे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो ह्याने ते भेट म्हणून पाठवले आणि १६९८ मध्ये ते जोडून उभे केले गेले. जोडण्यासाठी प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर इटलीहून आला होता. त्याने प्रवासाची टिपणेही लिहून ठेवली. म्हणजे शिल्पकार कोण हे माहीत आहे, देणगीदार कोण हे माहीत आहे, आणि जोडणाऱ्याला वाटेत काय दिसले हेसुद्धा माहीत आहे. त्यावरची चांदीची पेटी साठ वर्षे आधीची, १६३६-३७ मधली. तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातील प्रसंग बारीक उठावात कोरलेले आहेत. ती करवून घेणाऱ्या इटालियन जेझुइटाचे, मास्त्रिल्लीचे, नाव इतिहासात आहे. करणाऱ्यांविषयी मात्र ‘गोव्याचे कारागीर’ एवढेच. एकाच समाधीवर, दोन हातांच्या अंतरावर, एकाला नाव आहे आणि दुसऱ्याला गाव.

मग गोव्याच्या कारागिराची नोंद कुठेच नाही काय? आहे, पण ती सापडते निषेधाच्या कागदांत. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. हिंदूंच्या देवळांविषयी, उत्सवांविषयी, पुरोहितांविषयी तिने जे कठोर ठराव केले ते आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जातात. त्याच ठरावांत एक असाही होता की, ख्रिस्ती लोकांनी प्रतिमा आणि उपासनेच्या वस्तू अन्यधर्मीय कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. पुढच्या काळातही असे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले.

कायदा पुन्हा पुन्हा काढावा लागतो ह्याचा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळा सांगायला नको. ज्या गोष्टीला मनाई आहे ती होत होती, सर्रास होत होती आणि मनाई करणाऱ्यांच्याच घरी होत होती. पाद्र्यांना मूर्ती हव्या होत्या. नवीन चर्चेस, मठ, घराघरांतल्या देवघरवजा वेदी, युरोपात पाठवायच्या भेटी, ह्या सगळ्यांसाठी मूर्ती हव्या होत्या, आणि हात तेवढे होते ते सुतार, सोनार, चितारी अशा पिढीजात कारागिरांच्या घरांत. धर्मपरिषदेने कारागिराला मनाई केली आणि तसे करताना तो अस्तित्वात आहे, कुशल आहे आणि अपरिहार्य आहे, ह्याची लेखी साक्ष देऊन ठेवली. मला तर वाटते, त्याच्या चरित्राचे पहिले पान हेच. त्याचे नाव लिहिण्याचे कोणाला कारण नव्हते. उलट न लिहिण्याचे होते. मनाई केलेल्या माणसाला काम दिल्याची पावती कोण करून ठेवील?

इथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ल मार्शां आणि गोव्याचा दंतकार, दोघांच्याही आयुष्यावर कॅथलिक सत्तेच्या एकेका फर्मानाची सावली आहे. फ्रान्सच्या राजाला ल मार्शांची गरज नव्हती, म्हणून त्याला देश सोडावा लागला. गोव्याच्या सत्तेला मात्र दंतकाराची गरज होती, म्हणून तो, कायद्याने नको असूनही, कामापुरता हवाच होता. आपला देव हाकलला गेला आणि आपण मात्र परक्याचा देव घडवायला मागे राहिलो, अशी ही स्थिती. मंगेशी कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली ती ह्याच दशकात. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी तो १६७५ मध्ये घेतला आणि पोर्तुगिजांच्या हाती तो गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सरहद्द म्हणजे एक नदी. कारागिराने एका तीरावर देवळाचे काम करावे आणि दुसऱ्या तीरावर चर्चचे, ह्यात अशक्य असे काहीच नव्हते.

आता त्या वस्तूंकडे यावे, कारण शेवटी कारागिराचे आत्मचरित्र म्हणजे त्याची वस्तूच.

हस्तिदंत म्हणजे दात. हे सांगायला नको असे वाटेल, पण दात आणि शिंग ह्यांतला फरक कामात फार महत्त्वाचा ठरतो, आणि आम्हा रत्नागिरीकरांना तो कळायला सोपा आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत असत. ब्रिटिश काळातील गॅझेटिअरमध्ये तिथला प्रमुख उद्योग म्हणून त्याची नोंद आहे. (विजयदुर्ग १९८१ पासून सिंधुदुर्गात गेला.) शिंग तापवले की नरम होते, त्याला बाक देता येतो, दाबून आकार देता येतो. हस्तिदंताचे तसे नाही. तो ऊब देऊन वाकत नाही, वितळत नाही, चुकलेला घाव भरून येत नाही. कापायचे, तासायचे, टोचायचे, घासायचे. जे काढले ते गेले. त्यातून सुळा मुळाशी पोकळ असतो, टोकाकडे भरीव होत जातो आणि सगळाच वाकडा असतो. म्हणून हस्तिदंती मूर्तीची उभे राहण्याची ढब पुष्कळदा शिल्पकाराने ठरवलेली नसते, हत्तीने ठरवलेली असते. मरियेची मूर्ती किंचित एका कुशीला झुकते, क्रुसावरचा ख्रिस्त एका बाजूस कलतो, तो सुळ्याचा बाक. ख्रिस्ताचे पसरलेले हात सुळ्याच्या रुंदीत बसत नाहीत, म्हणून ते वेगळे कोरून खांद्याशी बसवतात. दमणच्या त्या मूर्तीला देलाँने तुकडा म्हटले; क्रुसावरचा ख्रिस्त तर निदान तीन तुकड्यांचा होता असे कोणी दंतकार म्हणाला असता आणि त्यात त्याला पाखंड वाटले नसते.

हे सुळे बव्हंशी आफ्रिकेचे. मोझांबिकच्या किनाऱ्यावर गुजरातचे कापड आणि मणी जात आणि बदल्यात हस्तिदंत दीव व गोव्याला येई. दीवचे वाणी ह्या व्यापारात मुरलेले होते. आफ्रिकी हत्तींत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात, सुळे मोठे असतात, म्हणून माल मुबलक. ज्या जंगलांतून हा माल आला तिथे काय घडले आणि किनाऱ्यापर्यंत तो कोणाच्या खांद्यावरून आला, ह्याचा विचार मनात आल्याशिवाय आज त्या मूर्तींकडे पाहता येत नाही. येऊही नये.

ह्या गोव्याच्या मूर्तींत सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे ‘भला मेंढपाळ’. आपण मेंढरांसाठी प्राण देणारा मेंढपाळ आहोत असे ख्रिस्त सांगतो, त्या कल्पनेवर आधारलेला. युरोपात हा मेंढपाळ सामान्यतः उभा, प्रौढ, खांद्यावर मेंढरू घेतलेला असा दिसतो. गोव्यात तो लहान मूल आहे. एका उंच खडकाच्या माथ्यावर तो पाय दुमडून बसला आहे. अंगात लोकरीचा अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा. एक मेंढरू खांद्यावर, एक मांडीवर. एक हात गालाला लावून त्याने डोळे मिटले आहेत. तो झोपला आहे की ध्यानात आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. त्याच्या खाली खडकातून झरा फुटतो आणि त्यावर पक्षी किंवा मेंढरे पाणी पितात. त्याखाली आणखी मजले, कपारींतून मेंढरे, कधी सिंह. आणि अगदी तळाशी एका गुहेत मग्दालेची मरिया आडवी पडून ग्रंथ वाचते आहे. मूर्तीच्या वर पुष्कळदा पानांनी डवरलेले झाड असे आणि त्यात आकाशातला पिता. हे सगळे वीतभर ते हातभर उंचीत, अनेक तुकडे खुंट्यांनी जोडून. सतराव्या शतकात असे मेंढपाळ मोठ्या संख्येने तयार झाले. लिस्बनला आहेत, लंडनला आहेत, अमेरिकेत आहेत. मुंबईत सेंट झेवियर कॉलेजच्या हेरास इन्स्टिट्यूटच्या संग्रहात भारतीय ख्रिस्ती कलेचे हस्तिदंती नमुने आहेत. आणि गोव्यात १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले व पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात हलवलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

ह्या संपूर्ण रचनेचा थेट युरोपीय नमुना सापडत नाही. सुटे भाग सापडतात. अँटवर्पहून छापील चित्रे मिशनऱ्यांबरोबर येत आणि कारागिरांपुढे ती ठेवली जात; ग्रंथ वाचणारी मग्दालेना तशा चित्रांत आहे. पण झोपलेले मूल, डोंगर, झरा, श्वापदे, झाड ह्यांची ही उतरंड कोणी रचली? पाद्र्याने सांगितली, कारागिराने सुचवली, की दोघांच्या बोलण्यातून ती झाली? एकमेकांची भाषा अर्धवट येणारी दोन माणसे, मध्ये एक छापील चित्र आणि एक सुळा. मला ह्या लेखातली सर्वांत महत्त्वाची जागा ही वाटते. मराठीत आपण गोव्याच्या त्या काळाचा विचार करतो तेव्हा फक्त पाडणारा आणि पाडला गेलेला हे दोनच पक्ष आपल्याला दिसतात. दोन्ही खरे आहेत. देवळे पडली आणि माणसे जाळली गेली ह्यात वाद नाही. पण त्याच वर्षांत ह्या मेंढपाळासमोर बसून आणखी एक व्यवहार चालला होता, आणि तो कोणत्याच पक्षाला आपला म्हणता येत नाही.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. हा मेंढपाळ म्हणजे बुद्धच आहे, कारागिराने पाद्र्याच्या डोळ्यांत धूळ फेकून ध्यानस्थ बुद्ध दडवला, असे म्हणायला फार गोड वाटते. काहींनी बालकृष्ण पाहिला आहे, मेंढरांच्या जागी गाई ठेवल्या की झाले. काहींना डोंगरमाथ्यावरचा शिव आणि खाली वाहणारी गंगा दिसली. साम्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सतराव्या शतकातल्या गोव्याच्या कारागिराला बुद्ध कुठून भेटणार? कोकणातून बौद्ध धर्म जाऊन शतके लोटली होती. लेणी होती, पूजक नव्हते. सिंहलद्वीपातही पोर्तुगिजांची सत्ता होती आणि तिथले दंतकार नामांकित होते, त्या वाटेने काही आले असेल असे मानणे अधिक सयुक्तिक. आणि दडवला म्हणण्यात आणखी एक खोट आहे. त्यात कारागीर हा बंडखोर ठरतो, आपल्याला आवडेल असा. तो पोटासाठी, पट्टीचे काम करणारा माणूस होता ही शक्यता आपण सोडून देतो, कारण ती गौरवाची वाटत नाही.

मला अधिक पटते ते असे. हाताला सवय असते. ज्याच्या बापाने आणि आज्याने मूर्ती घडवल्या, त्याचा हात डोळे बदामी काढणार, पापण्या जड काढणार, गळ्यावर वळ्या घालणार, केस समांतर लाटांनी काढणार आणि बैठक आली की तिला कमळाच्या पाकळ्या लावणार. पाद्र्याने चित्र दाखवावे, त्याने ते पाहावे, आणि तरीही ओठांची ठेवण त्याच्या घरचीच यावी. हे बंड नव्हे, तडजोडही नव्हे. आपण परकी भाषा बोलतो तेव्हा आपले उच्चार जसे आपल्याला सोडत नाहीत तसे ते आहे. गंमत अशी की, आज कलेतिहासकार कुठल्याही संग्रहातील मूर्ती गोव्याची हे ओळखतात ती नेमकी ह्या उच्चारांवरून. सही करायची त्याला सोय नव्हती. पण त्याच्या सवयींची नोंद झाली. ल मार्शांच्या आद्याक्षरांइतकी ती खात्रीची नाही. व्यक्ती सांगत नाही, घराणे सांगते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कारागिराने नाव न लिहिण्याचीच रीत होती, त्यात पोर्तुगिजांचा काय दोष? हे वाक्य आपण फार सहज बोलतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास एक लेख कोरला गेला आहे. विदिशेच्या दंतकारांनी हे रूपकाम केले, असे तो सांगतो. व्यक्तीचे नाव नाही, पण धंद्याचे आहे, गावाचे आहे, आणि ते खुद्द तोरणावर आहे. हस्तिदंत कोरणाऱ्यांनी दगड कोरला आणि तसे अभिमानाने लिहिले. आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे सातवाहनकाळातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत, आणि त्यांच्याशी नाते सांगणारी एक मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली, म्हणजे इ. स. ७९ पूर्वीपासून, पडून होती. ती १९३८ मध्ये बाहेर आली. एवढी जुनी ही विद्या. तेव्हा नाव न लिहिणे हा काही आपल्या रक्तातला विनय नव्हे. कधी लिहू दिले जाई, कधी नाही. कधी लिहिण्यासारखी जागा असे, कधी लिहिणे धोक्याचे असे. गोव्यात ते धोक्याचे होते.

आणि तरी मराठी इतिहासलेखनाला ह्या माणसाने कधी बोलावले नाही. चौल ते गोवे ह्या दोन पोर्तुगीज ठाण्यांमधला किनारा म्हणजे आमचा रत्नागिरीचा किनारा. दाभोळ, जयगड, राजापूर ह्या बंदरांचा आपण व्यापार लिहितो, राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीवर १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी घातलेली धाड रंगवून सांगतो. त्याच राजापूरला फ्रेंचांचीही वखार होती, हे ओझरते सांगतो. गलबते मोजतो, तोफा मोजतो. देलाँ ज्या गलबतातून वसईहून गोव्याला गेला ते ह्याच किनाऱ्यासमोरून गेले. त्याचे पुस्तक आपण छळाचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. त्या पुस्तकातल्या मूर्तीकडे मात्र लक्ष जात नाही. आपल्या दृष्टीने ती परक्यांची. चर्चच्या दृष्टीने तिचा कर्ता परका. ह्या दोहोंमध्ये कारागीर राहून गेला. गोव्यातील संशोधकांनी आणि पोर्तुगीज अभ्यासकांनी ह्या मूर्तींवर लिहिले आहे. मराठीत कोणी सबंध पुस्तक लिहायला घेतले, तर त्याला मूर्ती शेकड्यांनी मिळतील आणि नावाची पाने कोरी ठेवावी लागतील. ह्या कारणासाठी ते लिहू नये असे मला वाटत नाही.

पुढे धंदा आटला. सतराव्या शतकातच डचांनी पोर्तुगिजांचे समुद्रावरचे वर्चस्व मोडले, जुन्या गोव्यात साथी आल्या, वस्ती ओस पडत गेली, मागणी घटली. हस्तिदंताचे काम त्रावणकोर, म्हैसूर, मुर्शिदाबाद अशा ठिकाणी दरबारी आणि साहेबी गिऱ्हाइकांसाठी चालू राहिले. अखेर वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ मधील दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ते झाले हे चांगलेच झाले. एका कलेसाठी एक प्राणी संपवायचा, हा सौदा कोणत्याही मूर्तीला पेलणारा नाही. आता हा दंतकार पुन्हा होणार नाही; जे आहे तेवढेच त्याच्याविषयीचे साहित्य.

संग्रहालयात मेंढपाळ पाहायचा योग आला तर एक करावे. बहुतेकांवरचे झाड आता नाही. फांद्या नाजूक, वेगळ्या कोरून बसवलेल्या. तीन-साडेतीनशे वर्षांच्या हलवाहलवीत त्या गळून गेल्या. खडकाच्या बाजूला मात्र त्या जिथे खोचल्या होत्या ती बारीक भोके राहिली आहेत. कोनाड्यातल्या मूर्तीची ही बाजू भक्ताला दिसत नसे, तिथे झिलई नाही, रंगाचा वा सोन्याच्या मुलाम्याचा मागमूस नाही, कानशीचे ओरखडे तसेच आहेत. पाटीवर ‘गोवा, सतरावे शतक, हस्तिदंत’ असे लिहिलेले असते.